अत्तर तरी चालतं ना?

मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की आमच्या बाळकुममधल्या जुन्या बिल्डिंगमधलं एक हळदीकुंकू आठवतं. शेजारच्या काकू तेव्हा नुकत्याच एका नव्या पंथात गेलेल्या. त्यांच्यात कुंकू लावत नाहीत, म्हणून बायकांनी त्यांना बोलावणंच बंद केलेलं. आईने बोलावलं. काकू आत आल्या आणि खोलीतल्या गप्पा थांबल्या. ओळीने कुंकू लावत आलेल्या आईचं बोट सवयीने त्यांच्या कपाळापर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं. एवढ्या बायकांसमोर नको कसं म्हणायचं, म्हणून काकूंनी नुसते डोळे मिटून घेतलेले. आईने ते बोट स्वतःच्याच कपाळाला टेकवलं आणि म्हणाली, "डोळे उघड गं. हात दे इकडे, अत्तर तरी चालतं ना?" "त्याला काय झालंय," काकू म्हणाल्या आणि दोघींना हसू आवरेना. वाण घेऊन काकू शेवटपर्यंत बसल्या. परवा माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'चौथ्या मजल्यावरच्या त्या पंथवाल्या बाईंना घर खाली करायला सांगा.' मी खाली लिहिलं, 'शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, त्या येतायत,' आणि आईची अत्तरदाणी घासायला घेतली.