पंख्याखालचा कोट

सरकारचं नुकसान बघून खरोखर पोटात दुखणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते माझ्याच घरात निघावं याचा धक्का मला अजून पुरता ओसरलेला नाही. ही माझी आत्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची कंबर वाकली, आणि सत्तर सालानंतर कधीतरी मला बेळगावात, कॅम्पाजवळच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली तेव्हा ती माझ्या खोलीवर राहायला आली. नोकरी अजून कायम व्हायची होती. आमच्या घराण्यात खुर्चीत बसून काम करणारी मीच पहिली, त्यामुळे मी दिवसभर मान खाली घालून असे. आत्या दुपारी माझा डबा घेऊन यायची. डबा हे निमित्त.

उचगावच्या पलीकडं आमचं गाव. तिच्या लहानपणी तिथल्या विहिरीला आमचा हात लागायचा नाही. कुणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची, नाहीतर उन्हात उभं राहायचं. हे तिनं मला एकदाच, भाकरी थापता थापता सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. पण कचेरीच्या मागच्या नळाची बारीक धार दिवसभर गटारात जाताना पाहिली आणि ती हबकलीच. दुसऱ्या दिवशी घरून दोन घागरी आणल्या, त्या धारेखाली भरल्या आणि साहेबांच्या दारात आणून ठेवल्या. साहेब धारवाडकडचे, नुकतेच बदलून आलेले. दारात भरल्या घागरी आणि शेजारी वाकून उभी असलेली म्हातारी बघून त्यांना वाटलं, आपलं स्वागतच चाललंय. त्यांनी चपला काढून घागरींना हात जोडले. आत्यानं वखारीत शिकलेल्या कानडीत त्यांना शांतपणे समजावलं, की हा देव नव्हे, तुमचा नळ आहे. साहेब भले गृहस्थ, हसले. नळदुरुस्तीचा कागद त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या खात्याकडे धाडला. तो कागद तिकडं पोचायच्या आत आत्यानं तुटक्या चपलेच्या रबराचा वायसर कापून नळ बंदही केला होता.

तिथून ती सोकावली. दिवसाढवळ्या जळणारा दिवा दिसला की बटण वर, रिकाम्या खुर्चीवरचा पंखा दिसला की तोही बंद. जुन्या दप्तराच्या खोलीत कपाटाआड बसणारे एक वयस्क कारकून तीनदा घामाघूम झाले. तक्रार केली तेव्हा आत्यानं त्यांनाच सुनावलं, की वारं पाहिजे तर माणसानं मधनंमधनं हलावं. विजेच्या मीटरपुढं ती देवापुढं बसल्यासारखी बसे आणि चकती हळू फिरू लागली की समाधानानं उठे. मी तिला रोज घरी बोलायची. ती रोज ऐकून घ्यायची.

आमच्या हेडक्लार्कांची एक पद्धत होती. सकाळी यायचं, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायचा, पंखा लावायचा आणि निघून जायचं. कोट म्हणजे हजेरी. कोट दिसला की साहेबसुद्धा, असतील इथंच कुठंतरी, असं म्हणत. हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. आत्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही. तीन दुपारी तिनं कोटावरचा पंखा बंद केला, तिन्ही दुपारी शिपायानं तो पुन्हा लावला. चौथ्या दुपारी तिनं कोटाची नीट घडी घातली, शिपायाला पत्ता विचारला आणि चालत जाऊन कोट हेडक्लार्कांच्या बायकोच्या हातात दिला. तुमचं मालक कोट इसरत्यात, आणि त्यो बिचारा रोज सरकारचं वारं खात बसतोय, एवढंच तिचं म्हणणं. नवरा दिवसभर कामात बुडालेला असतो अशी त्या बाईंची समजूत. त्या कोट घेऊन तडक कचेरीत आल्या आणि त्यांनी साहेबांनाच विचारलं, आमचे हे कुठं आहेत? नोकरी गेली असंच मी धरलं.

नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी माझ्यापुढं एक इंग्रजी मसुदा टाकला: बाहेरच्या माणसांना कचेरीच्या आवारात मज्जाव. मला कायम करण्याचा कागद त्यांच्याच हातून पुढं जायचा होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी टाइप केला. हूं की चूं न करता केला. आत्याच्या कुठल्याही प्रतापानं बसला नव्हता एवढा धक्का मला त्या दिवशी माझा मलाच बसला. साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली.

दुपारी आत्या आली तेव्हा शिपाई फाटकावर तो कागद चिकटवत होता. मी बाहेर गेले. तिला वाचता येत नव्हतं, तरी वाकून बघत होती.

“काय लिवलंय गं?”

मी इंग्रजीचं मराठी करून सगळं सांगितलं, काही न गाळता.

“कुणी छापलं?”

“मी.”

तिनं ओळींवरून सावकाश बोट फिरवलं. “वळी लई सरळ आल्यात. एक बी अक्षर वाकडं न्हाय.” मग डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सरकारी कचेरीकडं निघाली. अर्ध्यात थांबून तिनं विचारलं, “तितं टायपाला दुसरं कोन तर हाय न्हवं?”

मी व्हय म्हटलं.

पुढं मी कायम झाले, हेडक्लार्क निवृत्त झाले, कागदही पावसात भिजून गळून पडला. आत्या मात्र शेवटपर्यंत डबा फाटकाबाहेरच द्यायची. आत ये, आता कुणी काही म्हणत नाही, असं मी कितीदा सांगितलं. ती मान हलवायची.

“तुज्या हातचं लिवल्यालं हाय गं ते. मी कशी मोडू?”