देवापुढची साखर

आमची लेक नऊ वर्षांची. ती स्वमग्न आहे. बोलते मोजकं, आणि खाण्यापिण्यातलं ठरलेलं काही बदललं की घर डोक्यावर घेते. तिच्या दोन दाढा किडल्या तेव्हा दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, गोड आवरा, आणखी एक किडली तर भूल देऊनच काम करावं लागेल.

मी कंबर कसली. सरबत बंद केलं, साधं पाणी सुरू केलं. बिस्किटांऐवजी काकडी आणली. नवा पदार्थ आधी नुसता ताटाशेजारी ठेवायचा, मग हात लावू द्यायचा, मग हुंगू द्यायचा. महिनाभर तिनं काकडीला फक्त बोट लावलं. वरच्या खोल्यांत हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात, त्यांनाही चॉकलेट देऊ नका म्हणून बजावलं. एवढं करून पुढच्या तपासणीत तिसऱ्या दाढेवर काळा ठिपका निघालाच; अजून वरवरचा आहे, गोड थांबलं तर भूल टळेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मी घरी येऊन त्या मुलींवर उगाच आगपाखड केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची पूजा आटोपली, घंटा वाजली आणि लेक हात पुढे करून उभी राहिली. तिच्या तळहातावर चमचाभर साखर पडली. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा, रोजच. मीसुद्धा तीच चिमूटभर तोंडात टाकत आले होते. ती साखर आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"प्रसाद हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "देवाच्या साखरंनं कुटं दात किडत्यात?"

मी फार तोडून बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, पोर काकडीला हात तरी लावती ना?

मग आठवडाभर नैवेद्याच्या वाटीत साखरेशेजारी काकडीची फोड राहिली. लेकीनं ती रोज पाहिली. साखर कमी होत गेली, आणि एका सकाळी वाटीत नुसत्या फोडी होत्या. लेकीनं पुढे केलेला हात मागे घेतला. आता आरडाओरडा होणार म्हणून मी श्वास रोखून धरला. सासूबाईंनी एक फोड स्वतः खाल्ली.

"देवानं खाल्ली, मी खाल्ली," त्या म्हणाल्या. "आता तुजी पाळी."

लेकीनं फोड घेतली, बराच वेळ हुंगली. मग कचकन चावली आणि पुन्हा हात पुढे केला. सासूबाईंनी देवापुढची सगळी वाटी तिच्या हातावर रिकामी केली. मी विळी घेऊन बसले आणि डोळे पुसत आणखी काकडी चिरायला लागले.