काउबॉय भावोजींकडून वसुली

आधीच माफी मागते. मी चौथी शिकलेली, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मुलीच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून धाडस.

माझे धाकटे दीर गावी लोकांची गुरं राखायचे. बहरीनला आले तेही एका अरबाच्या गोठ्यावर. तिथे गाईंना गाणी म्हणत हाका मारायचे. मालकाच्या पाहुण्याने त्याचा व्हिडिओ काढला, तो सगळ्यांच्या फोनवर फिरला आणि एका हॉटेलवाल्याने त्यांना दर शुक्रवारी गायला बोलावलं. अट एकच, काउबॉयसारखं दिसायला हवं.

"वहिनी, कुणाला गुराखी म्हणू नका हं," त्यांनी मला बजावलं. "काउबॉय म्हणा."

टोपी, उंच टाचांचे बूट, झालरीचं जाकीट आणि गिटार. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती, पण हॉटेलवाला म्हणाला, गळ्यात असली की पुरे. सगळ्याचे झाले दोनशे दिनार. नेमकी तेव्हाच इथे बहरीनमध्ये गुदैबिया भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या बायकांची भिशी मला लागली होती. त्या पैशांतून आईच्या घरावर नवे पत्रे घालायचे होते. पावसाळाभर ती गळतीपासून खाट ओढत घरात फिरते. पण नवरा अस्करच्या कारखान्यात शिफ्टवर निघता निघता म्हणाला, "भाऊच आहे, देईल." मी दिले.

भावोजी प्रसिद्ध झाले. मराठी मंडळाचा कार्यक्रम असो की मल्याळ्यांचा ओणम, त्यांच्याशिवाय पान हलेना. आमच्याकडे दोनशे घोडे होते, असं ते माइकवर सांगू लागले. आमच्या गावात घोडा फक्त लग्नात यायचा, तोही भाड्याचा.

पैसे मागायला माझी जीभ उचलत नव्हती. ते मात्र प्रत्येक स्टेजवरून माझे आभार मानायचे. "ही वहिनी नसती तर मी नसतो!" लोक टाळ्या वाजवायचे, मी मान खाली घालायचे. घरी आले की आईचा फोन, "पत्र्यांचं काय झालं गं?" टाळ्या काही छपरावर घालता येत नाहीत.

एकदा त्यांनी मला स्टेजवरच बोलावलं. बायकांनी मागून ढकललं. "वहिनी, आज काय हवं ते मागा!" समोर माइक आला आणि माझ्या डोक्यात जे एकच होतं ते बाहेर पडलं.

"भावोजी, भिशीचे दोनशे दिनार."

लोक हसून लोळले. त्यांना वाटलं, हा बसवलेला विनोद आहे. भावोजींनी खिसे उलटे करून दाखवले, गुडघ्यावर बसले आणि टोपीत दहाची नोट घालून पुढे केली.

पडद्यामागे हात पसरून म्हणाले, "द्या वहिनी. ते स्टेजपुरतं होतं."

"एवढ्या लोकांनी बघितलंय," मी म्हटलं आणि पर्सची चेन लावली.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या कार्यक्रमवाल्याने फोनवर आधी हेच विचारलं, "त्या लाजणाऱ्या वहिनी येणार ना?" तेव्हापासून त्यांच्या गाण्यांपेक्षा माझ्या मागण्याला जास्त हशा. लोक म्हणत, काय अभिनय करते! मी खरंच लाजत होते आणि खरंच मागत होते. एकदा त्यांनी खेळातली नोट आणली. मी ती उजेडात धरून बघितली आणि परत दिली. लोकांनी खुर्च्या बडवल्या. शेवटी त्यांना खरी काढावी लागली.

"भावाला चारचौघांत लाजवतेस," नवरा म्हणाला.

"तुमच्या भावाला? लाज मला वाटते," मी म्हटलं.

पुढे पुढे लोकच हिशोब ठेवू लागले. मी स्टेजवर चढले की खालून आवाज यायचा, "वहिनी, किती राहिले?"

विसाव्या कार्यक्रमात मी म्हटलं, "दहा." सगळे ओरडले, "भावोजी, खलास करा आता!" त्यांनी नोट दिली आणि माइक हाताने झाकून हळूच विचारलं, "वहिनी, आता पुढच्या शुक्रवारी काय मागायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. दोनशे पूर्ण फिटले होते.