आण न घेणारी बाई

शांत माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. संतापणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी, की त्याच्या पोटात काय आहे. शांत माणूस म्हणजे झाकलेलं भांडं; आत दूध आहे की नुसतं पाणी, झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही. रूथबाईचं झाकण काढायचा मी अकरा वर्षं प्रयत्न केला.

आमच्या आंधळगावच्या गल्लीत घरोघर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी या घरात सून म्हणून आले. आल्यावर पहिल्यांदा जिच्यावर चिडले ती रूथबाई. ती आमच्याकडे सांधणीला यायची. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडायचा, याला सांधणी म्हणतात. हजारांवर धागे. रूथबाई बोटांना राख लावायची, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रभू येशूशी काहीतरी बोलायची आणि कामाला लागायची. ते पुटपुटणं इतकं लांबायचं की मला वाटे, एवढ्यात माझे वीस धागे जोडून झाले असते. झाले नसतेच. माझ्या हातून गुंताच व्हायचा.

एकदा तसाच गुंता झाला आणि मी ब्लेड उचललं. तिने माझा हात धरला नाही, आवाजही चढवला नाही. "ब्लेड ठेव, पोरी. गुंता कापला का धागा गेला. घाई कोणाले हाये? धाग्याले नाही, देवाले नाही." दुपारभर बसून तिने तो गुंता सोडवला. मी मनात म्हटलं, घाई मला आहे, आणि मला कोणी विचारत नाही.

तिचा नवरा मिशनच्या दवाखान्यात औषधं द्यायचा, तो तापाने गेला. पावसात घराची मागची भिंत बसली. मग एकुलता एक मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. आणि चौथ्या दिवशी ही बाई आमच्या दारात हजर, बोटांना लावायची राख पुडीत बांधून. मला किळस आली, खरंच सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की बायका गल्ली दणाणून सोडतात. मी स्वतः, ज्या चुलतसासऱ्याला धड ओळखत नव्हते, त्याच्यासाठी ओसरीवर लोळून रडले होते आणि सगळ्यांनी सुनेचं कौतुक केलं होतं. मी विचारलं, "तुमाले रडू येत नाही का वो, रूथबाई?"

ती धागा जोडत म्हणाली, "रडली ना. प्रभूपाशी रडली. तुयापाशी काहून रडू? तू गल्लीभर सांगशील."

याचा मला राग आला, कारण ते खरं होतं.

आता कोशाच्या लडींची गोष्ट. लग्नसराईच्या साड्यांसाठी आणलेल्या सुतातल्या चार लडी माळ्यावरून गेल्या. कोणी नेल्या, ते मला माहीत होतं. भर दुपारी माझा धाकटा दीर विलास शर्टात काहीतरी कोंबून माळ्यावरून उतरताना मी पाहिला होता. त्यानेही मला पाहिलं. मी पदर सारखा करून चुलीकडे गेले. सासूबाईंचा जीव धाकट्यावर. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या सुनेला या घरात जागा राहिली नसती.

आमच्या गल्लीत काही हरवलं की मागाची आण घेतात. घरातल्या प्रत्येकाने मागाच्या लाकडावर उजवा हात ठेवून म्हणायचं, मी घेतलं नाही, मी पाहिलं नाही. ज्या मागावर पोट भरतं त्याची खोटी आण घेतली की हात झडतात, अशी समजूत. सासूबाईंनी सगळ्यांना उभं केलं. विलासने सर्वांत आधी, खणखणीत आवाजात आण घेतली. मग मी घेतली. लाकूड गार होतं आणि माझ्या हाताला काहीही झालं नाही.

शेवटी रूथबाई. ती हात पदरात ठेवून उभी राहिली. "आमच्यात आण घेत नाहीत, बाई. प्रभूनं नाही म्हणून सांगतलं हाये. हो म्हटलं तं हो, नाही म्हटलं तं नाही. मी नाही घेतलं."

"मंग हात ठेवाले काय जाते?" सासूबाई म्हणाल्या.

"माया हात रोजचाच हाये त्याच्यावर. आण नाही घेत."

झालं. गल्लीने निकाल लावला. चोर नसती तर हात ठेवला असता, एवढी साधी अक्कल आमच्या शहाण्यांची. आण घेणारे दोन खोटारडे घरात बसून जेवले आणि आण न घेणारी खरी बाई चपला पायात घालून निघून गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तेवढंच. मी तेव्हा तिलाच शिव्या दिल्या. मूर्ख बाई, एका लाकडावर हात ठेवायचा होता. देवाने काय लगेच वही उघडली असती?

सांधणीला तिला कोणी बोलावेना. ती एकोडीला भाचीकडे गेली आणि ज्या बोटांनी कोसा जोडायची त्याच बोटांनी दुसऱ्यांच्या शेतातल्या बांधीत धान रोवू लागली. इकडे विलासचे हात झडले नाहीत. उलट त्यातल्या एका बोटात अंगठी आली आणि तो गणपतीच्या मंडळात पुढे बसू लागला.

काही वर्षांनी साकोलीकडे एका लग्नाला गेले, तेव्हा एसटीतून एकोडीला उतरले. का उतरले, ते मलाही नीट सांगता येत नाही. रूथबाई खाटेवर होती, दम लागत होता. भाचीने चहा ठेवला. मी बसल्या बसल्याच म्हटलं, "तुमाले मालूम होतं ना, कोणं नेलं ते?"

"तुयं तोंड पाहून समजलं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"मी काय सांगू? मी तं तोंड पाहिलं. चोर तं तू पाहिला होता."

कोंबडं अंगणात फिरत होतं, त्याला मी उगाच हाकललं. मग विचारलं, माझा राग आला नाही का. ती म्हणाली, "आला ना. लई आला. रोज सकाळी देवापाशी ठेवत होती, संध्याकाळी वापस घेऊन येत होती. कधी तरी तिथंच राहिला." आणि थोड्या वेळाने, "तुले सांगाचं अशीन तं सांग. घाई कोणाले हाये?"

मरायला टेकलेल्या बाईने तरी घाई करावी की नाही?

पंधरा दिवसांनी ती गेल्याची खबर गल्लीत आली. आमच्या ओसरीवर बायका जमल्या. एकीने म्हटलं, होती शांत, पण हात लांब होता. सासूबाईंनी मान हलवली. विलास मागावर कोपर टेकून उभा होता.

मी म्हटलं, "लडी विलासनं नेल्या होत्या. मी पाहिलं होतं."

सासूबाईंनी मागाकडे बोट केलं. "ठेव हात. घे आण."

त्याच मागावर मी एकदा खोटं बोलले होते. आता खरं बोलायलाही तिथे हात ठेवावासा वाटेना. म्हटलं, "नाही घेत. मी पाहिलं म्हणजे पाहिलं."

"मंग हात ठेवाले काय जाते?" त्या म्हणाल्या, अगदी त्याच सुरात. विलास हसला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मला कळलं की माझाही निकाल लागला.

अशा वेळी रूथबाई शांतपणे चपला घालून गेली होती. चपला मीही घातल्या, पण शांतपणा काही मला जमला नाही. माझा स्वभाव तिला पक्का ठाऊक होता. गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि दारोदार उभी राहून, मोठ्या आवाजात, सगळ्यांना सांगत गेले.