प्रज्ञाची नापास गोटी

भूतखेत मी कधी मानलं नाही, आताही मानत नाही. आमच्या घरी बुद्धाचा फोटो, आणि अंगारेधुपारे करणाऱ्याला आमचे हे दारातसुद्धा उभं करत नसत. तरी मागच्या मे महिन्यात चिखल्याला, खाणीच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये, भर दिवसा जे घडलं ते लिहूनच टाकते…

हे तीस वर्षं मँगनीजच्या खाणीत होते. मुलगी प्रज्ञा चेन्नईला रिसर्च करते — पाच-पाच धातू सारख्या भागानं एकत्र वितळवायचे. त्या मिश्रणाजवळ चुंबक आणलं की ते तापतं, दूर नेलं की गार पडतं. उद्या त्यावर बिनगॅसचे फ्रिज चालतील म्हणे. दोन वर्षांपूर्वी शेवटची आली, तेव्हा त्याच मिश्रणाची बोराएवढी गोटी यांच्या हातावर ठेवून म्हणाली, "बाबा, ही नापास झाली. गारच होत नाही. तुम्हीच ठेवा."

"मँगनीज आमच्या खाणीचं हाये ना?"

"नाही जी, ते पाकिटात येते."

"मंग नापास होईलच ना," म्हणून हसले. पण गोटी खिशातून कधी काढली नाही.

मार्चपासून यांचा दम वाढला. प्रज्ञाला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "सहा महिन्यांनी तिचा मशीनवर नंबर लागला हाये. सांगू नको तिले." मी ऐकलं. रोज तिचा फोन आला की सांगत राहिले, बाबा बरे आहेत…

मेमध्ये एका पहाटे पाचला हे गेले. गोटी मुठीत, मूठ सुटेना. प्रज्ञा पोचणार दुपारी चारला. बर्फाच्या लाद्या आणल्या, पण दहाला लाइट गेली आणि बारापर्यंत खाली नुसतं पाणी राहिलं. दीर म्हणाले, "वहिनी, आता उचलू द्या. पोरीले फोटोत दाखवू." मी सकाळपासून तो हात धरून बसले होते. म्हटलं, एकदा हात लावून पाहा, मग उचला.

त्यांनी मुठीवर हात ठेवला अन् झटक्यानं मागे घेतला. थंड पाण्याच्या लोट्यावर येतात तसे थेंब होते तिच्यावर. छाती गार, कपाळ गार. वास नाही. घरात चुंबक म्हणून काही नाही. दीरांनी बाहेर जाऊन माणसांना सांगितलं, पोरगी येईपर्यंत थांबा.

प्रज्ञा आली. बापाचं तोंड पाहिलं, हात हातात घेतला, आणि मूठ आपोआप सुटली. गोटी तिनं चटका बसल्यासारखी खाली टाकली. मी उचलली, तर उन्हातल्या गिट्टीसारखी तापलेली. थोड्याच वेळात यांचं कपाळही कोमट झालं. मग उचललं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर प्रज्ञा गोटी घेऊन गेली, पुन्हा मशीनवर लावली. काहीच नाही, नापास ती नापासच. मी फोनवर विचारलं, मग त्या दिवशी काय होतं?

"मले नाही मालूम. पण आई, दोन महिने तू मले खोटं सांगून राहिली होती, ते मालूम आहे."

गोटीचा उलगडा तिलाही नाही, मलाही नाही. वाचणाऱ्यांत कोणी जाणकार असेल तर सांगा. फोन आता मीच करते. कशी आहेस विचारलं की ती म्हणते, "बरी आहे." खरं की खोटं, मला कळत नाही.