शकू, जत्रेतली बोलती मुंडी

फोन आला तेव्हा मी एका भल्यामोठ्या करमणूक बागेत बाकावर बसले होते. नातवंडं कुठल्यातरी लोखंडी अजगराच्या पाठीवर बसून किंचाळत आभाळाकडे चालली होती, त्यांच्या चपला, टोप्या, पाण्याच्या बाटल्या माझ्या ओटीत, आणि मी मनातल्या मनात शकूला सांगत होते, बाई, इथं सगळं आहे, पण आपली मुंडी नाही! घरी गेल्यावर हेच तिला ऐकवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात तिच्याच नंबरवरून फोन. मी उचलल्याबरोबर ओरडले, "शंभर वर्षं आयुष्य हाय व तुले!" पलीकडे शकू नव्हती, तिची मुलगी वैशाली होती. "मंदामावशी, आई गेली... सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसली, ती बसलीच." मी काय बोलले ते आठवत नाही. नातवंडं खाली येऊन "आजी, अजून एकदा?" विचारत होती आणि मी मान डोलावत होते, एवढं आठवतं.

त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं. आता मला तिच्याबद्दल सांगायचंय, आणि ते रडत सांगण्यासारखं नाहीच मुळी. शकूला रडकी माणसं आवडत नसत. "डोये पूस आन् बोल," असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

आमचं गाव वरवट बकालपासून बैलगाडीनं तासाभरावर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, शाळेत पेढे वाटले होते, ते आम्ही दोघींनी दोनदा रांगेत उभं राहून घेतले होते. गावात वीज नव्हती, पण चैत्रात जत्रा भरायची आणि तिच्यापुढे आजची ती लोखंडी बाग म्हणजे काहीच नाही, हे मी पैजेवर सांगते. लाकडी पाळणा होता, चार पेट्यांचा, तो फिरवायला मोटर नव्हती. दोन गडी माकडासारखे सरसर वर चढायचे आणि आपल्या वजनानं पेटी खाली आणायचे. त्यातला एक मधेच वरच्या दांड्यावर लटकून बिडी पेटवायचा, तेव्हा आमचा जीव टांगणीला! फळ्यांची मोठी गोल विहीर होती, तिच्या आतल्या भिंतीवरून एक माणूस फटफटी फिरवायचा आणि सगळ्या फळ्या खडखडायच्या. हसवणारे आरसे होते, त्यात आमच्या गुरुजींचं पोट पाहून शकूला उचकी लागली होती. पुठ्ठ्याचं विमान होतं, त्याच्या खिडकीतून डोकं काढून फोटो काढायचा. माझ्याकडे तो फोटो आहे. विमानात आम्ही दोघी, दोघींच्याही कपाळावर आठ्या, कारण फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हणून दम दिला होता.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे उस्मानचाचांचा काळा तंबू. बोलती मुंडी! आत अंधार, एक गॅसबत्ती बारीक केलेली, समोर तीन पायांचं टेबल, टेबलावर पितळी परात आणि परातीत एका बाईचं नुसतं डोकं. काजळ, पावडर, जरीचा फेटा, नाकात ही मोठी नथ. टेबलाखाली बघावं तर काही नाही, मागचा काळा पडदा दिसतो. आणि ते डोकं डोळे फिरवून बोलायचं! दोरीपाशी जाऊन एकेकानं प्रश्न विचारायचा. मुंडी घोगऱ्या आवाजात हिंदीत सांगायची, "मनोकामना पूरी होगी," आणि लोक हात जोडून बाहेर पडायचे.

मी घाबरून डोळे मिटायची. शकू मात्र चार वेळा आत गेली आणि चौथ्यांदा बाहेर येऊन माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. "मंदे, खाली शेंगेचं एक टरफल पडेल हाय. मले थे दोन दिसले. एक खरं आन् एक आरशातलं!" टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरपे लावले होते, त्यात बाजूचा काळा पडदा दिसायचा आणि आपल्याला वाटायचं टेबलाखाली मोकळं आहे. बाई आरशामागे बसलेली, डोकं परातीच्या भोकातून वर. तेरा वर्षांच्या पोरीनं टरफलावरून हे ओळखलं! ती तडक चाचांपुढे जाऊन उभी राहिली. चाचांचा चेहरा पडला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून तिला मूठभर खडीसाखर दिली आणि म्हणाले, "बेटी, किसी को बोलना मत. रोटी है हमारी." शकूनं खडीसाखर परत केली. "मी काऊन सांगू? मले तं आतमंधी बसून पाहायचं हाय," ती म्हणाली.

तशी वेळ दुसऱ्याच दिवशी आली. मुंडी व्हायच्या त्या चाचांच्या बायको नूरबी. त्यांना हिवतापानं गाठलं. आमच्या विहिरीचं पाणी त्या नेत असत, म्हणून मला आधी कळलं. तीन वाकळी अंगावर घेऊन त्या कुडकुडत होत्या आणि बाहेर जत्रेचा मुख्य दिवस, तंबूपुढे रांग. शकू म्हणाली, "मी बसतो." चाचा नाही नाही म्हणत राहिले, नूरबीनंच गार पडलेल्या हातांनी तिला काजळ घातलं. माझं काम पडद्यापाशी उभं राहायचं. ओळखीचं माणूस आलं तर एकदा खोकायचं, शकूच्या घरचं आलं तर दोनदा. आता आमच्या गावात अनोळखी माणूस कोण असणार! मी तासाभरात इतकी खोकले की चाचांनी मला ज्येष्ठमध आणून दिलं.

नूरबी 'मनोकामना पूरी होगी' म्हणायच्या. शकूला तेवढ्यावर कुठलं समाधान! तिला गावातल्या प्रत्येक घरातलं सगळं माहीत. शेजारच्या सुभद्राकाकूनं विचारलं, माझी पितळी घागर कुठं गेली? मुंडी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "घागर तुम्हारे ननंद के घर में, कोठी के पीछे है!" काकू किंचाळली, पळाली आणि खरंच घागर घेऊन आली. एकानं विचारलं खोकला कधी जाईल, तर "पहले बिडी छोड, बाड्यात लपून पीता है तू!" त्याची बायको शेजारीच उभी होती. दुपारपर्यंत आजूबाजूच्या गावांतून गाड्या जुंपून लोक यायला लागले. फटफटीची विहीर ओस पडली. तो फटफटीवाला स्वतः रांगेत उभा राहिला!

आता खरी गोष्ट सांगते. आमची दोघींची सातवीची परीक्षा झाली होती. पुढची शाळा जळगाव जामोदला. तिथं माझ्या मावशीकडे दोघींनी राहायचं, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं होतं. माझे वडील म्हणाले होते, शकू गेली तर तू जा, एकटीला पाठवणार नाही. आणि नेमकं शकूला सुलतानपूरचं स्थळ आलं होतं. पार लोणारकडचं. पोरगा बरा, जमीन भरपूर. तिच्या घरात तिच्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा शब्द चाले. ते होय म्हणून बसले होते. पाहुणे जत्रेच्या निमित्तानं मुक्कामाला आले होते आणि त्याच संध्याकाळी शब्द द्यायचा होता. शकूचे वडील, आमचे हणमंतकाका, भावापुढे मान वर करत नसत. आणि पोरीला लग्नाचं विचारायचं, ही गोष्ट त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हती. शकू त्या दिवशी इतकी का चेकाळली होती, ते मला माहीत होतं. तिला संध्याकाळ विसरायची होती.

उन्हं उतरायला लागली आणि पडदा सारून हणमंतकाका आत आले. मी दोनदा खोकले. घाबरून परत दोनदा खोकले. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "मंदे, पडसं झालं का व तुले? सुंठ-गूळ घे," आणि पुढे गेले. तंबू खच्चून भरलेला. काका दोरीपाशी उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. मोठ्यानं म्हणाले, "माह्या पोरीले स्थळ आलं. भाऊ म्हनते देऊन टाकू. पोरगी हुशार हाय. लगन करू का शिकवू?"

मुंडी गप्प. इतका वेळ कडकड बोलणारी मुंडी गप्प! मागून कुणी म्हणालं, "बोल न माय..." मग काका दोरीवरून वाकले आणि अगदी हळू काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, कुणालाच आलं नाही. मुंडीचे डोळे एकदम भरले आणि पावडरीवरून काजळाचा ओघळ खाली आला. "अव माय, मुंडी लळून राह्यली!" बायका ओरडल्या. आणि मग ती मुंडी आपला घोगरा आवाज, आपली हिंदी, सगळं विसरून म्हणाली, "लडकी को... शिकवा."

चाचांनी झटकन गॅसबत्ती मालवली, खेळ संपला म्हणून सांगितलं. पण लोक कुठले ऐकतात! सगळा तंबू काकांच्या मागोमाग बाहेर. बाहेर मोठेबाबा आणि पाहुणे उभेच होते. काका म्हणाले, "मुंडीनं शिकवाले सांगतलं, भाऊ." मोठेबाबा लाल झाले. "जत्रंतल्या खेळाचं आयकून घर चालवतं का बे तू?" पण तेवढ्यात पोराची आई पुढे झाली. तिला सकाळी मुंडीनं गुडघेदुखीचं विचारायच्या आधीच सांगितलं होतं! (ती लंगडत आत आली होती, शकूनं पाहिलं होतं, बस.) ती म्हणाली, "मुंडी रडली म्हणतात, मग आपल्याला ही पोरगी नको बाई." संपलं! मी तंबूमागे धावले. शकू फेटा सोडत होती, काजळानं तोंड माखलेलं, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या उड्या मारल्या की एका आरशाला तडा गेला. चाचा रागावले नाहीत. "जा बेटी, स्कूल जा," म्हणाले.

पुढे आम्ही जळगाव जामोदला गेलो, मॅट्रिक झालो, शकू शिक्षिका झाली, मग मुलींच्या नव्या शाळेची पहिली मुख्याध्यापिका. ही गोष्ट तिनं किती जणांना सांगितली असेल! डोहाळजेवणात, एसटीत, शिक्षकांच्या सभेत. "बाबाले कसं फसवलं मी!" म्हणत ती डोळे फिरवून दाखवायची आणि लोक लोटपोट व्हायचे. हणमंतकाकांना मात्र गावानं जन्मभर 'मुंडीवाला हणमंता' म्हटलं. पारावर पोरं विचारायची, "काका, आज मुंडी काय म्हनते?" काका हसायचे. मला तेव्हा त्यांची दया यायची. इतका भोळा माणूस असू नये, असं वाटायचं.

गेल्या दिवाळीत मी शकूकडे चार दिवस राहिले. अंगणात बसून आम्ही परत जत्रा काढली. पाळणेवाला आठवला, त्याची बिडी आठवली, नूरबीचे गार हात आठवले. मी म्हटलं, काका बिचारे, शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. शकू म्हणाली, "मंदे, बाबा दोरीवरून वाकले न, तवा काय म्हनले सांगू? म्हनले, शकू, तुले काय पाह्यजे थे लवकर सांग, तुहे मोठेबाबा बाहेर उभे हायेत."

मी मग भडकले! "साठ वर्षं माझ्यापासून लपवलं? मी तुझ्यासाठी घसा फाडून खोकले ना गं!" ती हसता हसता रडायला लागली. "सांगतलं असतं तं गावभर झालं असतं. मोठेबाबाच्या कानावर गेलं असतं का बाबानं आपल्या मनानं केलं... भाऊ तुटले असते. बाबानं माह्यासाठी जलमभर हसू करून घेतलं, मी तं नुसती गप बसली." पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तुले सांगतलं. पुढचं तू पाह्य."

म्हणून हे लिहितेय. हणमंतकाका भोळे नव्हते. त्या अख्ख्या गावात पोरीला विचारण्याची हिंमत करणारा तो एकच बाप होता, आणि घरात जागा सापडेना तेव्हा त्यानं जत्रेत ती शोधली. काका, मी तुमची कीव केली, मला माफ करा.

तेराव्यानंतर वैशालीबरोबर शकूच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे, तिनंच टाकून घेतलेला. त्यावर एक मिशीवाले गृहस्थ अस्वस्थपणे चुळबुळ करत बसले होते. दार आतून लावलेलं. मी विचारलं, काय चाललंय? "माह्या पुतनीले शाळेतून काढाले आलो, बाई. तं या म्याडमनं मले बाहेर बसवलं. म्हने या शाळेचा पहिल्या बाईपासूनचा नेमच हाय. आतमंधी फक्त बाप आन् पोरगी. बाप पोरीले इचारून राह्यला म्हने... आता पोरीले काय इचारायचं असते, तुमीच सांगा!"

ते उठायला लागले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा भाऊ," मी म्हटलं. "इचारू द्या त्याले."