खिडकीवालीची खुर्ची

आमची बारकी घरात बोलायला लागली की थांबत नाही, पण घराचा उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. आई तिला लहानपणापासून बजावत आली, "बाई गं, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत." अशी ही मुलगी हजारो मुलांच्या विद्यापीठात जाऊन पडली. एकेका वर्गात एवढी मुलं की मास्तरांनी माइकवरून शिकवायचं. तिथे हिला कोण विचारतो?

फोनवर मी रोज विचारायचो, "मैत्रीण झाली का कुणी?"

"होईल रे दादा," ती म्हणायची.

मी नळदुरुस्ती करणारा माणूस. गळती कुठे आहे ते आवाजावरून कळतं मला. पोर आतून खचत चालली होती.

तिला बरं वाटायचं ते फक्त ग्रंथालयात. खिडकीजवळच्या एका टेबलावर ती रोज बसायची. समोर एक चष्मेवाली, शेजारी एक लंबू. तिघं रोजचे, पण बोलणं शून्य. चहाला जाताना खुर्चीवर दप्तर ठेवून जायचं आणि दप्तर असलेल्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही, एवढाच तिथला कायदा.

परीक्षा तोंडावर आली आणि बारकी तापाने आजारी पडली. आठवडाभर वसतिगृहाच्या खोलीत एकटी. ताप उतरल्यावर पाय ओढत ग्रंथालयात गेली, तर तिच्या खुर्चीवर कुणाचं तरी दप्तर. दुसऱ्या दिवशीही तेच. दप्तर कुणाचं, एवढं विचारायला काय जातं? पण विचारेल तर ती आमची बारकी कसली! दोन्ही दिवस दारातूनच परतली.

त्या संध्याकाळी फोन आला. "दादा, मला घरी ने. इथं माझं कुणी नाही. परीक्षा नको, काही नको."

मी कारण विचारलं नाही. सकाळी एकाची गाडी मागून घेतली आणि निघालो.

तिने सामान बांधूनच ठेवलं होतं. दोन बॅगा गाडीत टाकल्या. ग्रंथालयाचं एक पुस्तक तेवढं परत करायचं राहिलं होतं, म्हणून दोघं आत गेलो. ती पुस्तक देत होती, तेवढ्यात एक मुलगी तीरासारखी आली. चष्मेवालीच ती.

"अगं, होतीस कुठे तू?" ती दबक्या आवाजात ओरडली. "रोज दार उघडायच्या आधी येऊन तुझी खुर्ची अडवतोय आम्ही! काल त्या लंबूचं एकाशी भांडण झालं त्यावरून."

"ते दप्तर..." बारकी म्हणाली.

"त्याचंच. स्वतः पुस्तकं हातात घेऊन फिरतोय येडा. शोधणार तरी कुठे तुला? नाव माहीत आहे का आम्हाला? आम्ही आपलं खिडकीवाली म्हणतो."

"शांतता!" काउंटरवरचे गृहस्थ खेकसले.

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रागावलेलं माणूस एवढं गोड वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिने परत केलेलं पुस्तक त्या गृहस्थांकडून पुन्हा मागून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "दादा, तू जेवून निघ हं. बॅगा वसतिगृहाच्या दारात ठेव, तिथल्या बाई ठेवून घेतील."

"अगं पण..."

"परवा पेपर आहे रे."

लंबूने दप्तर उचललं. ती बसली, पुस्तक उघडलं. मी दारात बराच वेळ उभा होतो. तिने मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर, मला वाईट वाटलं. येताना मी वाटभर मनात ठरवत आलो होतो, की हिला घरी नेऊन आता कुठेच पाठवायचं नाही. ती नसल्यापासून घर खायला उठतं.

गाडीत बसलो तर आईचा फोन. "निघालात का रे?"

"मी निघालो. ती राहतेय."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि लगेच पदराला नाक पुसल्याचा आवाज आला.